वजनं मी बदलली होती : राजकीय मत ठरवताना भावना नेमकी कुठून शिरते?

वाळव्याची नात लिहिते :

नमस्कार. बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात आहे. घरात विचारायची सोय उरली नाही, म्हणून इथं मांडते.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, एका सीएंच्या ऑफिसात ऑडिटचं काम करते. गाव वाळवा तालुक्यात, नदीकाठी. गावी माझे आजोबा असतात, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो. वय ८६, दोन एकर ऊस, कान अजून तिखट.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेआधी मी ठरवलं की या खेपेला आमच्या घरात मत ठरेल ते माहिती बघून. उमेदवारांची शपथपत्रं, म्हणजे तो फॉर्म २६, आयोगाच्या साइटवरून उतरवून घेतली. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण. जाहीरनामे वाचले. मतदारसंघात कोण किती वेळा दिसतं हे चार गावांत फोन करून विचारलं. एकूण १४ रकाने झाले, प्रत्येकाला दहापैकी गुण आणि प्रत्येक रकान्याला त्याचं वजन. तीन आठवडे रात्री जागून केलेलं काम होतं ते.

दिवाळीला गावी गेल्यावर पडवीत बसून आण्णांना सगळा तक्ता वाचून दाखवला. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "कागद चांगला केलायस पोरी. पर माझं मत ठरल्यालं हाय."

कशावरून, विचारलं. मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी मी लहानपणापासून ऐकत आले आहे. १९४३ साल. पत्री सरकारचे, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या समांतर सरकारचे दिवस. त्यांच्या तुफान सेनेतला एक जण आमच्या वैरणीच्या माळ्यावर दोन रात्री लपून होता. पोलिस आले तेव्हा आण्णा पाच वर्षांचे, अंगणात एकटे. शिपायानं गुळाचा खडा पुढं केला आणि गोड आवाजात विचारलं, घरात कोण पाव्हणं आलंय रं? आण्णांनी गूळ घेतला नाही आणि तोंडही उघडलं नाही. तो माणूस वाचला. पुढं त्यानं ज्या झेंड्याखाली काम केलं, त्या झेंड्याचा वारसा सांगणाऱ्याला आण्णा आयुष्यभर मत देत आले.

मी चिडून बोलून गेले, "ऐंशी वर्षांपूर्वीच्या गुळावर तुम्ही आज मत देणार?" आण्णा उठून गोठ्यात गेले. रात्री आमच्या पंगतीला बसले नाहीत. आजीनं त्यांचं ताट आत नेलं.

त्या रात्री झोप येईना म्हणून लॅपटॉप उघडला आणि फाइलच्या जुन्या प्रती बघत बसले. ऑडिटची सवय. तेव्हा जे दिसलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्या प्रतीत एक उमेदवार तीन गुणांनी पुढं होता. दुसरा, ज्याचं भाषण मी इस्लामपुरात ऐकलं होतं आणि जो मला मनापासून आवडला होता, तो मागं. पुढच्या प्रतीत मी शिक्षणाचं वजन ५ वरून १० केलं होतं आणि मतदारसंघातल्या हजेरीचं १० वरून ५. आवडता पुढं गेला. तसं करताना मला वाटलं होतं की मी तक्ता अधिक अचूक करतेय. खोटेपणा करतेय असं क्षणभरही जाणवलं नव्हतं.

म्हणून विचारते. विचार करून राजकीय मत ठरवणं असं काही खरंच असतं का? की मन आधी ठरवतं आणि बुद्धी मागून पावती फाडते? तसं असेल तर माझ्यात आणि आण्णांत फरक काय? त्यांनी निदान गूळ उघड सांगितला.

(माझ्या मतदारसंघातल्या उमेदवारांची नावं मी लिहीत नाही, प्रतिसादांतही नकोत ही विनंती.)

---

कोरेगावकर लिहितात :

ताई, तक्ता मोडू नका. वजनं बदललीत हे तुम्हाला कळलं ते तक्ता लिहिलेला होता म्हणूनच. आजोबांच्या मनातली वजनं कुठं लिहिलेली नाहीत, ती कोण तपासणार? फरक विचारलात, तर हाच फरक आहे आणि तो लहान नाही.

मी भावनेच्या बाजूनं बोलू शकत नाही, कारण २०२४ ची लोकसभा मी आमच्या गल्लीत बघितली. शेजारच्या एक आजी, नव्वदीच्या जवळ. शरद पवारांवर त्यांची माया अशी की घड्याळ गेल्याचं कळल्यावर दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. नवं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, हे नातवानं त्यांच्याकडून घोकून घेतलं. मतदान करून आल्यावर ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होत्या, "म्या बराबर तुतारी दाबली." नातवानं विचारलं, माणूस होता का चित्रात? आजी म्हणाल्या, "मानूस कशाला बघू? तुतारी वळखती की मी."

यंत्रावर दुसऱ्या एका अपक्षाला नुसतं वाद्य मिळालं होतं, ज्याला सगळे पिपाणी म्हणायला लागले. साताऱ्यात त्या पिपाणीला ३७,०६२ मतं पडली. निकालातला फरक होता ३२,७७१. त्यातली किती मतं चुकून गेली हे सांगायचं यंत्र कुणाकडं नाही आणि मी त्यावर वाद घालणार नाही. पण आमच्या आजींचं एक मत मला माहीत आहे. आयुष्यभराची निष्ठा मतदान केंद्रापर्यंत चालत गेली आणि एका चित्रातल्या तपशिलावर अडखळली. आजींना ते अजून कुणी सांगितलेलं नाही, सांगवत नाही.

आता २०१९ ची साताऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक. १८ ऑक्टोबरला सातारच्या सभेत पवारांनी भर पावसात भाषण केलं, छायाचित्र देशभर गेलं आणि तेव्हापासून सगळे म्हणतात की पावसानं निवडणूक फिरवली. मी त्या सभेत भिजलोय, अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू. पवारांचे श्रीनिवास पाटील भाजपच्या उदयनराजेंविरुद्ध ८७,७१७ मतांनी निवडून आले हेही खरं. पण त्याच दिवशी, २१ ऑक्टोबरला, विधानसभेचंही मतदान होतं आणि सातारा विधानसभेला भाजपचे शिवेंद्रसिंहराजेच निवडून आले. शेजारी शेजारी दोन यंत्रं, एकच पाऊस, आणि विधानसभेचं उत्तर वेगळं. आमच्या कट्ट्यावर सभेच्या आधीपासून एकच प्रश्न फिरत होता, की मे महिन्यात निवडून दिलं, सप्टेंबरात राजीनामा दिला, तर पाच महिन्यांत पुन्हा मत का मागता? तो प्रश्न डोक्यातला होता. पावसानं त्याला आवाज दिला असेल, जन्म दिला नाही.

म्हणून सांगतो, माणसं दिसतात त्याहून जास्त विचार करतात. तक्ता ठेवा. फक्त वजनं आधी लिहून कुणाकडं तरी बंद पाकिटात द्या, मग गुण भरा.

---

जतची लेक लिहिते :

पाकिटाची कल्पना छान आहे. पण कोरेगावकर दादा, भावना एका कप्प्यात आणि हिशेब दुसऱ्या कप्प्यात, अशी वाटणी आमच्याकडं होत नाही.

माझं माहेर जतच्या पूर्व भागात, सीमा चालत जाण्यासारखी. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई जतच्या गावांबद्दल बोलले आणि टीव्हीवर आमच्या तालुक्याचं नाव आठवडाभर गाजलं. मी तेव्हा सांगलीला होस्टेलवर होते. खोलीतली मैत्रीण म्हणाली, "तुम्ही खरंच जाणार का तिकडं? तुमच्यात अस्मिता म्हणून काही नाहीच का?" दुसरी हसून म्हणाली, "त्यांची भाषाच ती आहे." मी त्या रात्री खूप रडले.

लोकांना वाटलं की जतची माणसं भावनेच्या भरात बोलतायत. तर ऐका. माझ्या वडिलांकडं एक लांबट वही आहे, दुकानाच्या उधारीची असते तशी. तीत टँकरच्या खेपा लिहिल्यात. कुठल्या तारखेला आला, कुठल्या नाही, आला तर प्रत्येक घराला किती घागरी. दोन दुष्काळांच्या नोंदी आहेत. तोवर म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी तालुक्याच्या पश्चिमेला आलं होतं, आमच्याकडच्या गावांना नाही. आणि सीमेपलीकडं कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी आमच्या नातेवाइकांच्या शेतात दिसतं. भाऊबंदाच्या रानात द्राक्षबाग आणि आपल्या रानात चिल्लार. पाणी नसेल तर तिकडं जाऊ, असे ठराव त्याच्या दहा वर्षं आधीच्या दुष्काळातही ग्रामपंचायतींनी केले होते. ते ठराव त्या वहीतून आले होते. बाहेरून बघणाऱ्याला संताप दिसला, वही दिसली नाही.

आणि जे मुंबईतून अस्मिता अस्मिता ओरडत होते, त्यांच्यापैकी एकानं तरी विचारलं का, की ती गावं किती आणि पाणी कुठवर आलंय? गावं ६५ आहेत. विस्तारित म्हैसाळ योजना ज्यांच्यासाठी आहे ती. त्या गोंधळानंतर तिचे कागद भराभर हलले हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझं त्या रात्रीचं रडणं पाण्यासाठी नव्हतं. मला मराठी शिकवणाऱ्या बाई आठवत होत्या. दुसरीत असताना मला ळ म्हणता येत होता आणि वर्गातल्या मराठी मुलांना नीट येत नव्हता, कारण कन्नडमध्ये तो आम्ही दिवसभर म्हणतो. बाईंनी मला उभं करून सगळ्यांना ऐकवायला लावलं होतं. ती भाषा माझी नाही असं कुणी म्हटलं म्हणून मी रडले. वडिलांची वही आणि माझ्या बाई, दोन्हींपैकी कुठलं खोटं म्हणू?

वाळव्याच्या ताई, आण्णांच्या गुळामागंही एखादी वही असेल. विचारून बघा.

---

गणपती पेठ लिहितात :

माझा शाळेशी संबंध दहावीपर्यंतचा. किराणा होलसेलचं दुकान आहे. पण या विषयातलं एक मला पक्कं माहीत आहे, कारण ते पाण्यात उभं राहून शिकलोय.

भावना म्हणता ती एक नसते. भीती वेगळी आणि राग वेगळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. इशारा पातळी ४०, धोका ४५. २००५ चा पूर बघितलेली माणसं म्हणत होती की त्याच्या वर जाणार नाही, म्हणून मी पोती फक्त पोटमाळ्यावर चढवली. साखर, रवा, मैदा, सगळं गेलं. आठ दिवसांनी शटर उघडलं तेव्हाचा वास अजून पावसाळ्यात नाकात येतो.

त्यानंतर भीतीनं आमच्या पेठेला काय शिकवलं बघा. आज माझ्या दुकानातला हमाल, सही कशीबशी करणारा माणूस, जुलैत सकाळी आल्या आल्या विचारतो, कोयनेचा विसर्ग किती क्युसेक? धरण १०५ टीएमसीचं, त्यात आज किती? कऱ्हाडच्या पुलाखाली पाणी किती? वारणेतनं काय येतंय? हरिपूरच्या संगमावर वारणा कृष्णेला मिळते, तिला फुगवटा आला की आमचं पाणी उतरत नाही, हे तो मला समजावतो. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पन्नासच्या वर गेलं, तेव्हा माझा माल दोन दिवस आधीच मिरजेच्या गोडाउनात होता. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरची माणसं सांगायच्या आत बाहेर पडली होती. हे शहाणपण आकड्यांनी आलं, पण आकडे बघायची सवय भीतीनं लावली.

आता राग. २०१९ च्याच पुरात, तिसऱ्या रात्री, मला मोबाइलवर मजकूर आला की वरच्या एका धरणाला तडे गेलेत आणि सरकार लपवतंय. मी इतका पेटलेलो होतो की वाचल्या वाचल्या अकरा ग्रुपवर पाठवला. बातमी खरी का, एवढं विचारायलाही थांबलो नाही. मला ती खरी हवी होती, कारण मग शिव्या द्यायला कुणीतरी मिळत होतं. आमच्या मागच्या वाड्यातल्या एक काकी ती ऐकून अंधारात जिन्यावरनं पळाल्या आणि पडल्या. मनगट मोडलं. धरणाला काही झालेलं नव्हतं. काकी मला काही बोलल्या नाहीत. अजूनही दुकानात येतात, त्या डाव्या हातानं पिशवी उचलतात.

तेव्हापासून मी स्वतःला एवढंच विचारतो, की मला आत्ता प्रश्न पडतायत का? पडत असतील तर ती भावना कामाची. प्रश्न बंद होऊन नुसतं नाव हवंसं वाटत असेल, ह्याचं नाहीतर त्याचं, तर मोबाइल उलटा ठेवायचा. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९ वरून ५२४ मीटर करायचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. तापलं तरी मोर्चाला जायच्या आधी मी आता फुगवट्याचा नकाशा मागतो. मोर्चाला जातो मात्र.

---

ऊसतोड्याचा पोरगा लिहितो :

पेठवाल्या शेठजींशी सहमत, पण रागाला सरसकट दोष देऊ नका. रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा, १०.२५ टक्क्यांना टनाला ३,४०० रुपये, हा २०२४-२५ चा एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, माझ्या चौथी शिकलेल्या चुलत्याला पाठ आहे, तोडणी-वाहतूक वजा जाता हातात किती यायला हवेत हेही. ते त्याला रस्त्यावर बसून पाठ झालं, रागानंच.

---

जुना तर्कशास्त्रवाला लिहितात :

कऱ्हाडजवळ राहतो. एकतीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. पोरी, तुझा प्रश्न वाचून दोन दिवस अस्वस्थ होतो, कारण मी आयुष्यभर फळ्यावर जे लिहिलं त्याच्या मुळाशी तू हात घातलास.

आधी वजनांबद्दल. तू वजनं बदललीस ही चूक आहेच, पण पहिली वजनं तरी कुठून आली होती? शिक्षणाला ५ की १०, हजेरीला १० की ५, हे कुठल्याही गणितातून निघत नाही. गुण मोजता येतात, वजन द्यावं लागतं, आणि ते देताना तुला कशाची किती आच आहे तेच उतरतं. डेव्हिड ह्यूम नावाच्या स्कॉटिश तत्त्ववेत्त्यानं अठराव्या शतकात हे सांगून ठेवलं की नुसती बुद्धी माणसाला हलवत नाही, ती वासनांची चाकर आहे. मी वर्गात हे वाक्य खोडून काढायचो. आता खोडवत नाही.

कारण पुढं मेंदूच्या डॉक्टरांनी जे पाहिलं ते मी वाचलं. अंतोनियो दामासियो यांच्याकडं असे रुग्ण होते, ज्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत, भाषा उत्तम, फक्त मनाला काही भिडत नव्हतं. त्यातल्या एकाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखांतली एक निवडायला सांगितली, तर तो जवळजवळ अर्धा तास दोन्हींच्या बाजूची आणि विरुद्धची कारणं सांगत बसला. हवामान, इतर कामं, सगळं. निवडता काही येईना. शेवटी डॉक्टरांनी एक तारीख सांगितली, तेव्हा तो बरं म्हणाला आणि गेला. भावना काढून टाकलेली बुद्धी अशी दिसते. मतदानाच्या दिवशी तसा माणूस यंत्रासमोर संध्याकाळपर्यंत उभा राहील.

गणपती पेठवाले, तुम्ही दुकानात बसून जे सांगितलंत तेच जॉर्ज मार्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी मतदारांचा अभ्यास करून मांडलं. काळजी वाटणारा मतदार सवय सोडून माहिती शोधायला लागतो. काकींची गोष्ट तुम्ही लिहिलीत, याबद्दल मला तुमचा आदर वाटतो.

आता आपल्या मातीतलं. माझ्या घरापासून जवळच टेंभू आहे. आज टेंभू म्हटलं की उपसा सिंचन योजना आठवते, पण गोपाळ गणेश आगरकर १८५६ साली जन्मले ते हेच गाव. महाराष्ट्रात बुद्धिवादी म्हणून पहिलं नाव घ्यावं ते त्यांचं. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी लेखणी हलली नाही. आणि त्यांचं लोकांच्या सर्वांत लक्षात राहिलेलं लिखाण कुठलं? आईला लिहिलेलं पत्र. मुलगा शिकला, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल अशी तू आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकी आयुष्य लोकांसाठी घालवणार, अशा अर्थाचं. मी ते वर्गात वाचून दाखवायचो आणि दरवर्षी माझा आवाज जायचा. त्या पत्रातला निर्णय कुठल्या तक्त्यातून आला असेल?

माझी स्वतःची एक आठवण. ३० नोव्हेंबर १९५७. प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला पंडित नेहरू येणार होते. मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीनं निदर्शनं ठरवली होती. मी दहा वर्षांचा, वडिलांचं बोट धरून वाईच्या पुढं पसरणी घाटाच्या रस्त्याकडेला उभा होतो. हातात काळं फडकं, आईच्या जुन्या लुगड्याचं. इतकी माणसं मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मुंबईत गोळ्या खाऊन मेलेल्यांची नावं लोक एकमेकांना सांगत होते. माझ्या शेजारच्या एका पोरानं रस्त्यावरचा खडा उचलला, तर एका म्हाताऱ्यानं त्याची मूठ धरली आणि बोटं एकेक करून उघडली. काही बोलला नाही. गाड्या गेल्या, घोषणा झाल्या, झेंडे हलले, माणसं घरी गेली. अडीच वर्षांच्या आत, १ मे १९६० ला, राज्य झालं. त्या मुठीकडं मी पुढं आयुष्यभर पाहत राहिलो. म्हाताऱ्यानं त्या पोराचा संताप कमी केला नव्हता, हातातला दगड तेवढा काढला होता.

त्याच वर्षी आमच्या भागानं क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत धाडलं. नाना पाटील आधी तलाठी होते हे तुम्हा तरुणांना कदाचित ठाऊक नसेल. ज्यांच्या भाषणाला बाया चूल टाकून यायच्या, तो माणूस सातबारा जाणत होता. पत्री सरकारची न्यायदान मंडळं गावातले जमिनीचे तंटे मिटवायची, हुंडा आणि मानपान तोडून गांधी पद्धतीची लग्नं लावायची. नुसत्या आवेशावर ब्रिटिशांच्या नाकाखाली तीन वर्षं गावं चालत नाहीत. तुझ्या पणजोबांनी माणूस लपवला, तो त्या कारभारावर भरवसा होता म्हणूनही असेल.

आणि शेवटची गोष्ट, जी लिहिताना मला अजून त्रास होतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. अंधश्रद्धेविरुद्ध कायदा व्हावा म्हणून ते आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं झगडत होते. १९९५ पासून विषय विधिमंडळात घोळत होता. मसुद्यातली कलमं बदलली, शब्द बदलले, आक्षेप आले की उत्तरं दिली, पुन्हा बदल केले. युक्तिवादात काही कमी नव्हतं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असता त्यांचा खून झाला. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळानं वटहुकूम काढायचं ठरवलं आणि डिसेंबरात कायदा झाला. अठरा वर्षांच्या तर्कानं जे दार उघडलं नाही ते शोकानं एका दिवसात उघडलं. मी त्या दिवशी रागानं म्हणालो होतो की मग विचाराचा उपयोग काय? आज बारा वर्षांनी तसं म्हणणार नाही. दार उघडलं तेव्हा आत न्यायला मसुदा तयार होता. तो नसता तर चार दिवस मेणबत्त्या लागल्या असत्या आणि दार परत लागलं असतं. अशा कितीतरी खुनांनंतर ते तसंच लागलेलं मी पाहिलं आहे.

म्हणून पोरी, तू तक्ता ठेव. आणि आण्णांना एकदाच विचार, चिडून नको, शेजारी बसून : गूळ घेतला नाहीत तेव्हा तुम्हाला काय कळलं होतं? पाच वर्षांच्या पोराला झेंडा कळत नाही. त्याला दुसरंच काहीतरी कळलं असणार.

---

वाळव्याची नात लिहिते :

सगळ्यांचे आभार. रविवारी गावी जाऊन आले.

आण्णा गोठ्यात होते. मी आधी माफी मागितली. ते म्हणाले, "माफी कशाची, तूबी खरंच बोलत हुतीस." मग सरांनी सांगितलेला प्रश्न विचारला. आण्णा बराच वेळ म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले.

म्हणाले, "झेंडाबिंडा काय न्हवतं गं. माळ्यावरच्या मानसानं आदल्या राती आपल्या पिशवीतली भाकरी मला दिली हुती. त्यो सवता उपाशी हुता, मला दिसलं. आन् शिपायाचं पोट हे एवढं, त्यो गूळ दावत हुता. मला येवढंच कळलं, की ज्याच्यापाशी काय न्हाई त्यो देतोय आन् ज्याच्यापाशी लई हाय त्यो इकत घ्यायला बघतोय."

मी त्यांना म्हटलं, आण्णा, हा माझ्या तक्त्यातला पंधरावा रकाना आहे. त्यांना आधी कळलं नाही. मग मी सांगितलं की उमेदवार शपथपत्रात मालमत्ता लिहितात. मी फक्त २०२४ चा आकडा घेतला होता. २०१९ ला उभे राहिलेल्यांचं तेव्हाचं शपथपत्रही मिळतं. दोन्ही शेजारी ठेवले की पाच वर्षांत किती वाढली ते दिसतं. कशी वाढली ते दिसत नाही, पण विचारता येतं. ऑडिटमध्ये मी रोज हेच करते, मागच्या वर्षीचा ताळेबंद आणि या वर्षीचा, आणि घरच्या कामात मला ते सुचलं नव्हतं.

रकान्याला मी नाव दिलं "गूळ". वजन आण्णांनी सांगितलं, दहा. कोरेगावकर दादा, ते आधी कागदावर लिहून आजीच्या डब्यात ठेवलंय.

मग मी विचारलं, कुणापासून सुरुवात करू? मला वाटलं होतं ते माझ्या आवडत्याचं नाव घेतील.

"माझ्या मानसाचा पयला काढ," आण्णा म्हणाले.

काढला. आकडा इथं लिहीत नाही. त्यांनी तो मला तीनदा वाचायला लावला.